फळीवरून दिसणारी बाग

आईला फळीवर झोपवलं तेव्हा तिचं तोंड खिडकीकडे यावं, एवढा विचार घरात कुणीतरी केला होता. खिडकीतून काय दिसेल, याचा विचार कुणी केला नव्हता. ती न्हाणीच्या ओल्या दगडावरून घसरली आणि कंबरेवर पडली. नांदेडच्या डॉक्टरांनी सपाट, कडक जागेवर पडून राहायला सांगितलं, आणि किती दिवस, ते सांगितलं नाही. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, वखारीतून एक जाड फळी आणली आणि बाजेवर टाकली. दादा एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. हाताला कायम ऑइलचा वास, बोलणं कमी. फळी हलते का, हे त्यांनी स्वतः वर झोपून पाहिलं, खाली एक चपटा दगड सारला आणि कामावर गेले.

आमचं घर हिंगोलीत रेल्वे रुळांच्या पलीकडे होतं. भाड्याचं, दोन खोल्यांचं, वर पत्रे. अंगण मात्र घराच्या मानानं मोठं होतं. त्याला बोरी-बाभळीच्या काट्याचं कुंपण आणि कुंपणापलीकडे डेपोकडे जाणारा रस्ता. खिडकी जमिनीपासून हातभर वर होती, त्यामुळे फळीवर पडलेल्या माणसाचे डोळे आणि खिडकीची चौकट जवळजवळ एका रेषेत येत. अंगणात तेव्हा काहीही नव्हतं. न्हाणीचं पाणी खिडकीखालून निघून सरळ कुंपणाकडे जाई, आणि त्या वाटेवर थोडं गवत वाढलेलं असे.

घर सांभाळायला केवळाआत्या आली. ती दादांची थोरली बहीण, हट्ट्याला दिलेली. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. थोरल्या दिराच्या घरात राहून ती त्यांच्या हळदीच्या शेतात राबत होती. लावण नुकतीच उरकली म्हणून तिला सोडलं होतं. एका हातात कपड्यांची पिशवी आणि दुसऱ्या हातात लावणीतून उरलेलं हळदीचं बेणं, अशी ती वसमतच्या गाडीतून उतरली. आईच्या पायथ्याशी उभी राहून तिनं आधी आईकडे आणि मग अंगणाकडे पाहिलं.

"एवढी जागा हाय आन् उघडी काहून ठिवली?"

"आक्का, मी पडले ते बघा की आधी," आई म्हणाली.

"तुला बघितलं. तू उठशील. जमीन थोडीच उठून काही करून राहिली."

नणंद-भावजयींचं आमच्याकडे फारसं सूत नव्हतं. सणावाराला भेट होई तेव्हा दोघी एकमेकींशी जपून बोलत. आता एक पडलेली आणि दुसरी तिचं घर चालवणारी, अशी वेळ आली. पहिले काही दिवस आई डोळे मिटून घरातले आवाज ऐकत असे. भाकरी थापण्याचा आवाज तिच्या स्वतःच्या थापेपेक्षा जड होता. आत्या मीठ जास्त टाकी, येसरची आमटी दाट करी, अंबाडीच्या भाजीला लसणाची फोडणी वरून देई. डबे तिनं तिच्या हिशेबानं लावले. आई विचारी, "तिळाची चटणी कुठं ठेवली, आक्का?" आत्या म्हणे, "तुला लागली तर मी देते ना." हे उत्तर बरोबरच होतं, पण ते ऐकल्यावर आई भिंतीकडे तोंड वळवायचा प्रयत्न करी. तिला वळता येत नसे.

पाऊस लागला तशी आत्यानं अंगणात सरी ओढली. शेतात ओढतात तशी, पाण्याच्या वाटेनं, न्हाणीपासून सरळ कुंपणापर्यंत. तिच्या दृष्टीनं दुसरी वाट नव्हती. रोप पाण्याच्या मागं जातं. सरीच्या कडेला तिनं हळद लावली, झेंडू टाकला, शेजारून आणलेली कर्दळ खोचली, कोंबड्याच्या फुलाचं बी विखरलं. सगळं सारख्या अंतरावर, कोळपणीचा डवरा मधून फिरेल असं. डवरा आमच्याकडे नव्हता आणि तिथं बैल वळलाही नसता. रोपं जोमानं आली. हळदीची रुंद पानं वर आली, कर्दळीला लाल तुरा आला. आत्या रोज सकाळी सरीच्या टोकाला उभी राहून कमरेवर हात ठेवून बघे. एके दिवशी तिनं खिडकीतून आईला विचारलं, "कशी वाटते गं बाग?"

"चांगलं हाय झाड," आई म्हणाली.

"झाड? बाग इचारली मी."

"एकच तर दिसतंय, आक्का. कर्दळीचं."

आत्याला ते पटलं नाही. ती आत आली, खिडकीशी वाकली. "हे काय, सगळं दिसतंय." आई म्हणाली, "तुमी उभ्या हाय." मग आत्यानं पदर खोचला आणि ती आईच्या शेजारी, फळीच्या कडेवर, अंग चोरून आडवी झाली. दोघींची डोकी एकाच उशीवर आली. खिडकीतून सरळ कुंपणाकडे जाणारी ओळ होती आणि ओळीचं तोंड डोळ्यांसमोर होतं. पहिल्या कर्दळीमागं सगळी बाग लपली होती. आत्यानं मान इकडं-तिकडं करून बघितलं. मग तिचं पोट हलायला लागलं. ती हसत होती. हसण्यानं फळी हलू लागली तशी आई म्हणाली, "आक्का, कंबर," आणि तीही हसायला लागली. मी दारात उभी होते. त्या दोघींना एकत्र हसताना मी त्याआधी पाहिलेलं नव्हतं.

त्या दिवसापासून ती बाग मोडून पुन्हा मांडायचं काम सुरू झालं, आणि ते पावसाळाभर चाललं. आई आतून सांगे, आत्या बाहेर करी. हळद सगळ्यात मागं, कुंपणाला लागून, म्हणजे हिरवी भिंत झाली आणि रस्ता दिसेनासा झाला. तिच्यापुढं डाव्या अंगाला कर्दळ आणि कोंबडा, लाल रंग एका ठिकाणी. झेंडू सुटा सुटा नको, सगळा एकत्र उजवीकडे. पांढरी सदाफुली आणि शेवंती तेलाच्या डब्यांत, म्हणजे हलवता येईल. पांढरं दोन रंगांच्या मधे, कारण दिवेलागणीला बाकी सगळं काळं पडलं की तेवढंच दिसतं. आईनं हे कुठं वाचलं नव्हतं. तिला दिवसभर दुसरं काही बघायला नव्हतं, एवढंच. आता आमच्या सोसायटीच्या बागेत एक माणूस येतो, हेच करतो, आणि त्या कामाला एक लांबलचक नावही आहे. तो मोबाइलवर फोटो काढतो, मागं सरकतो, पुन्हा काढतो. त्याला पाहिलं की मला फळीवरची उशी आठवते.

आत्या ऐकत असे, पण भांडल्याशिवाय नाही. तिचा आक्षेप प्रत्येक वेळी एकच असे.

"झेंडू तिकडं नेला तर पाणी कसं जाईल तितं?"

"तांब्यानं घाला."

"तांब्यानं काय तुळस हाय का ती? झेंडू हाय. त्याला सरी पायजे."

"सरी वळवा मग."

"पानी चढ चढंल व्हय, तू फळीवरून सांगितलं म्हनून?"

अर्धा तास असं बोलून झालं की झेंडू तिकडे जाई. मग आत्या खुरपं हातात तसंच धरून आत येई, फळीच्या कडेला आडवी होई आणि डोळे बारीक करून बघे. "व्हय," म्हणे. किंवा, "नाही गं, लालच्या अंगावर चढलं ते." सगळ्यात मोठं भांडण मधल्या मोकळ्या जागेवरून झालं. आईला झेंडू आणि कर्दळीच्या मधे, पांढऱ्या डब्यांच्या पुढं, थोडी जमीन रिकामी हवी होती. तिथं काही नसलं तरच बाजूचं दिसतं, असं तिचं म्हणणं. शेतात आयुष्य काढलेल्या बाईला चांगली, ओली, तणहीन जमीन मुद्दाम रिकामी ठेवणं सहन होत नव्हतं. तिनं एकदा गुपचूप तिथं मेथी टाकली. उगवली तशी आईला दिसली. "आक्का," आई एवढंच म्हणाली. आत्यानं मेथी उपटून त्याच दिवशी भाजी केली. ती जागा मग मोकळी राहिली.

शेजारच्या रझियाखाला कुंपणापलीकडून येता-जाता बघत. त्यांनीच कर्दळीचा कंद दिला होता. एकदा त्या म्हणाल्या, "क्या की सुमनबाई, बाहर से तो मुर्ग्यां कुरेदे सरीका दिख रहा," म्हणजे कोंबड्यांनी उकरल्यासारखं. आई म्हणाली, "खाला, आत या." त्या आत आल्या, आत्यानं त्यांना फळीवर जागा करून दिली, आणि त्या भारी शरीराच्या बाई सावकाश आडव्या झाल्या. "हाव जी," त्या थोड्या वेळानं म्हणाल्या. "अब दिखा. ये तो लेटे लोगां के वास्ते है." दादांनाही एकदा झोपवलं. ते दोन मिनिटांत घोरायला लागले.

आत्याचं बोलणं दुपारी निघे. ती शेंगा फोडत फळीशेजारी जमिनीवर बसे आणि दोघी खिडकीकडे तोंड करून बोलत, एकमेकींकडे न बघता. हट्ट्याच्या घराबद्दल तिनं कधी तक्रार केली नाही. मारहाण नव्हती, उपासमार नव्हती. ती एकदाच म्हणाली, "तितं सगळे मला काम सांगतेत. वाईट सांगत न्हाईत. पन सांगतेतच. हितं तू सांगती आन् मी तुला उलटं बोलती, तर बरं वाटतं." शेंगा फोडण्याचा आवाज चालू राहिला. मग आई म्हणाली, "राहा की मग." आत्या म्हणाली, "तू पडलेली हाय तवर कोन काय म्हनतंय." हा हिशेब दोघींनाही माहीत होता आणि दादांनाही. नवरा गेलेल्या बाईचं घर म्हणजे तिचं सासर. भावाकडे ती आजारपणाला, बाळंतपणाला येते आणि काम संपलं की परत जाते. आईचं आजारपण हीच आत्याची आमच्या घरातली जागा होती.

हट्ट्याहून निरोप एसटीनं येत. वसमतच्या गाडीचा ड्रायव्हर डेपोत दादांना गाठून म्हणे, "नामदेवरावांनी इचारलंय, केवळाबाई कधी येऊन राहिल्या?" नामदेवराव म्हणजे आत्याचे थोरले दीर. दादा सांगत, "ही अजून उठली नाही." निरोप जाई. काही आठवड्यांनी पुन्हा येई. दसऱ्यानंतर दादा आईला नांदेडला घेऊन गेले, तेव्हा डॉक्टर म्हणाले की हाड जुळलंय, आता भिंत धरून चालायला लागा. घरी आल्यावर आईनं दादांसमोर दाराच्या चौकटीपर्यंत चालून दाखवलं, कपाळाला घाम आला, आणि ती पुन्हा फळीवर पडली. "न्हाई जमत," ती म्हणाली. आत्यानं तिच्या कमरेला हळद-तेल लावलं. दिवाळी गेली. आई पडूनच होती.

ज्या दिवशी नळाला पाणी येई, त्या दिवशी आत्या पहाटे घागर घेऊन नळावर रांगेला जाई. अशाच एका सकाळी मी तिच्या मागोमाग परत आले, तर अंगणात ती थांबलेली होती. पांढऱ्या शेवंतीचा डबा आदल्या संध्याकाळी जिथं होता, तिथून हातभर डावीकडे गेला होता. जुन्या जागी मातीवर डब्याचा गोल उमटलेला होता आणि तिथून घराच्या दारापर्यंत ओल्या मातीत पावलं होती. एक पाऊल नीट, एक थोडं फरफटलेलं. खिडकीत आई पडलेली होती. तिनं डोळे मिटले होते. आत्यानं पावलांकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं. मग तिनं घागर तिरपी केली आणि रांगेत उभं राहून आणलेलं ते पाणी पावलांवर ओतलं, दारापर्यंत, सावकाश, पायानं माती सारखी करत. उरलेली घागर आत ठेवली. फळीच्या कडेला आडवी होऊन तिनं बघितलं.

"डबा चांगला बसला तितं," ती म्हणाली.

"व्हय," आई डोळे न उघडता म्हणाली.

त्या संध्याकाळी दादांनी विचारलं, तेव्हा आत्या म्हणाली, "तिला अजून येळ लागंल. घाई करू नको." बातमीदारीच्या नोकरीत मी पुढं पुष्कळ लोकांना पुष्कळ कारणांसाठी खोटं बोलताना पाहिलं. ते बहुधा काहीतरी लपवण्यासाठी असे. या दोघी एकमेकींपासून काहीच लपवत नव्हत्या, आणि तरी त्याबद्दल एक शब्दही बोलत नव्हत्या. ते दिवस आमच्या घरातले सगळ्यात चांगले दिवस होते, असं मला वाटतं. थंडीत आत्या अंगणात शेकोटी करी, दादा डेपोतून येताना कुणाच्या तरी शेतातला हुरडा आणत, आणि तो खिडकीच्या गजांतून आईच्या हातात देत. झेंडू संपला तेव्हा शेवंती भरात आली. आई आणि आत्या पुढच्या पावसाळ्याचं ठरवत होत्या. पिवळं मागं न्यायचं, निळं काहीतरी आणायचं. आत्या म्हणे, "आन् पाणी कसं जाईल तितं?"

एका गोष्टीचा विचार दोघींनी केला नव्हता. की केला होता आणि बोलून दाखवला नव्हता, ते मला माहीत नाही. हळद वाळते. संक्रांतीच्या सुमाराला तिची पानं पिवळी पडतात, मग तपकिरी होतात आणि जमिनीवर लोळतात. याचा अर्थ खाली गड्डे तयार झाले. हळदीच्या मुलखात हे लहान पोरालाही माहीत असतं, आणि आत्यानं तर जन्मभर त्या खुणेची वाट बघून काढणी केली होती. आमच्या बागेची मागची हिरवी भिंत आठवड्याभरात खाली बसली. फळीवरून आता लाल कोंबड्यामागं सरळ रस्ता दिसू लागला, सायकली दिसू लागल्या, डेपोकडे वळणाऱ्या गाड्या दिसू लागल्या. तीच पानं हट्ट्यालाही वाळली होती.

नामदेवराव दुपारी आले. निरोप न पाठवता स्वतः आले. आत्या मागच्या खोलीत धपाटे लावत होती. मी फळीशेजारी पुस्तक घेऊन बसले होते. आई खिडकीतून बघत होती. वाळलेल्या पानांच्या वरून तिला रस्त्यावर पांढरा फेटा दिसला, मग धोतर, मग काखेतली पिशवी, आणि तिनं ओळखलं. सोयऱ्याकडचा थोरला माणूस दारात येतोय आणि आपण पाय पसरून पडलोय, असं आमच्या घरांतल्या बायकांकडून होत नाही. त्यासाठी त्यांना विचार करावा लागत नाही. आई फळीवरून उठली. तिनं पदर डोक्यावर घेतला, दोन पावलं टाकून भिंतीशी सरकली आणि नजर खाली करून उभी राहिली. भिंतीला हात लावला नाही. नामदेवराव कुंपणाशी खाकरले, अंगणातून आले, दारात थांबले. आत येताच त्यांनी रिकामी फळी पाहिली आणि तिच्याकडे पाहिलं.

"अरे, वैनी तर उठल्या," ते मनापासून आनंदानं म्हणाले. "लई चांगलं झालं."

आईनं मान वर केली तेव्हा तिला कळलं. मी तिचा चेहरा पाहिला. तिचा हात मागं फळीकडे गेला, पण आता बसून काही उपयोग नव्हता. आत्या मागच्या दारातून पीठ लागलेल्या हातांनी आली. तिनं उभ्या आईला पाहिलं, मग दिराला. मग तिनं पदरानं हात पुसले आणि दिराच्या पाया पडली.

नामदेवराव वाईट माणूस नव्हते. त्यांनी चहा घेतला, आईला कमरेसाठी काढा सांगितला, मला पेरू दिला. हळद निघून राहिली, शिजवायला माणसं मिळेनात, केवळाबाईशिवाय चुलवणाचं कुणाला कळत नाही, असं म्हणाले. दादा डेपोतून आले आणि ऐकत बसले. मग आई बोलली. आत्याच्या सासरच्या माणसासमोर ती एवढं बोलल्याचं मला दुसऱ्यांदा आठवत नाही. "आक्काला राहू द्या," ती म्हणाली. "मी उठले, पन मला करमत न्हाई." नामदेवराव हसले. त्यांना ती पाहुणचाराची भाषा वाटली. दादा जमिनीकडे बघत राहिले. त्यांनी तोंड उघडलं असतं तर काही झालं असतं का, हे आई पुढं कधीतरी त्यांना विचारणार होती. तेव्हाही ते जमिनीकडेच बघत राहिले.

सकाळी पहिल्या गाडीआधी आत्यानं खुरपं घेऊन कुंपणाजवळची हळद काढली. गड्डे झटकून ओसरीत ठेवले. "यातलं बेणं ठिव. मागंच लाव, कुंपनाला." "दुसरं काही लावते मागं," आई म्हणाली, "न वाळणारं." आत्या म्हणाली, "न वाळणारं काय असतं गं." ती गेल्यावर आई पहिल्यांदा उघडपणे, दिवसाउजेडी, अंगणात गेली. उभ्यानं बघितलं तर तिथं बाग नव्हती. इथं चार डबे, तिथं पुंजका, मधे ओसाड जमीन, कुठंही न जाणारी वाकडी सरी. आई आत आली आणि फळीवर पडली. तिथून सगळं जागेवर होतं; फक्त मागून रस्ता दिसत होता.

आत्या नंतरही येत राहिली, कधी राखीला, कधी कुणाच्या लग्नाला, एक-दोन मुक्काम. आल्यावर पाय धुऊन ती आधी फळीवर आडवी होई आणि आईला बाहेर पाठवी. "पांढरं जरा अलीकडं. आणखी. बस." फळी दादांनी काढली नव्हती; आईनं काढू दिली नव्हती. मग एका उन्हाळ्यात हट्ट्याहून आत्या गेल्याचा निरोप आला, तो ड्रायव्हरनं डेपोत सांगितला नाही, घरी येऊन सांगितला.

मी सुट्टीला औरंगाबादेहून घरी येई तेव्हा आई थकलेली असे, पण बाग असे. संध्याकाळी ती बाहेर जाऊन एक डबा सरकवी, आत येऊन फळीवर पडे, बघे, पुन्हा उठे, पुन्हा बाहेर. त्या कामाला एक माणूस आत आणि एक बाहेर लागतं. आई दोन्हीकडे एकटी जात होती. कमरेचं दुखणं परत आलेलं होतं आणि प्रत्येक वेळी उठताना ती भिंत धरत होती. एकदा मी म्हटलं, तू पडून राहा, मी सरकवते. मी बाहेर गेले. तिनं सांगितलं तसा डबा उचलला, तिनं सांगितलं तिथं ठेवला. डावीकडे म्हणाली, डावीकडे नेला. मी खिडकीतून वाकून बघितलं.

"राहू दे," आई म्हणाली. "तुझ्यासंगं न्हाई जमत."

"का? तू सांगितलं तसंच तर केलं."

"तेच की," ती म्हणाली. "पाणी कसं जाईल तितं, हे तू इचारतच न्हाईस."